काजू आला, मग रबर का नाही आलं?

प्रश्न: आमचं वाळपईजवळ काजूचं भाट आहे, बाजूला वडलांनी रबर लावलंय. परवा चीक गोळा करताना डोक्यात आलं की ही दोन्ही झाडं मुळात ब्राझीलची. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, मग रबर तेव्हाच का नाही आणलं? आणि समजा आणलं असतं तर गोव्याचं काय झालं असतं? घरात यावरून वाद चाललाय.
– एक वाचक, सत्तरी

उत्तर: वाद चालू द्या, विषय झकास आहे. काजू ब्राझीलच्या किनाऱ्यावरच वाढतो, म्हणजे १५०० साली तिथे उतरलेल्या पोर्तुगीजाला तो दिसणारच, पण आपण लावतो ते रबर अमेझॉनच्या जंगलातलं आणि त्या नदीच्या तोंडाशी बेलेंचं ठाणं त्यांनी वसवलं १६१६ मध्ये. त्यात बियांची भानगड. काजूची बी वाळवून पोत्यात भरा, महिन्यांनी पेरा, रुजते. रबराची बी वाळली की मेली, हे तुम्हाला मी काय सांगायचं, आणि लिस्बन ते गोवा शिडाच्या जहाजाला सहा महिने लागायचे. विकम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये सुमारे ७०,००० बिया वाफेच्या जहाजाने लंडनला क्यू बागेत नेल्या, तरी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच रुजल्या.

तरीपण समजा एखाद्या पाद्र्याने कुंडीत चार रोपं जगवून आणलीच. आपला पाऊस झाडाला मानवतो, चीक निघाला असता, पण कच्चं रबर आपल्या मे महिन्यात हाताला चिकटतं नि थंड हवेत कडक होतं, त्याचं करणार काय? गंधक घालून तापवलं की ते सुधारतं हे गुडइयर नावाच्या अमेरिकनाला सापडलं १८३९ मध्ये. आता गंमत बघा, तोफांची दारू म्हटली की गंधक आलंच, म्हणजे दारूखान्यातलं गंधक आणि भाटातला चीक एका तापल्या तव्यावर यायला फक्त एक धांदरट माणूस हवा होता. मेक्सिकोकडचे लोक तर साडेतीन हजार वर्षांपूर्वी चिकात एका वेलीचा रस घालून उसळणारे चेंडू करत होते. स्पॅनिश लोकांनी ते चेंडू बघितले, नवल केलं आणि विषय तिथेच सोडला.

लगेच सायकल, मोटार डोळ्यासमोर आणू नका हो. हवेचा टायर चालायला बरे रस्ते आणि स्वस्त पोलाद लागतं, ते कुठलं तेव्हा. आधी आला असता तो पाऊस! इरलं नि घोंगडीऐवजी चीक फासलेलं कापड, पायात न भिजणारे बूट. मग जहाजांच्या पंपात वाळून चिरणाऱ्या कातड्याऐवजी रबराची चकती. फेणीच्या भट्टीवाल्याने पण भाण्याचा, म्हणजे रस उकळायच्या मडक्याचा सांधा मातीने लिंपायचं सोडून रबर लावलं असतं आणि त्याचा वास फेणीला लागून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

पण मला खरं वाटतं ते वेगळंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे होतं काय तर तिसवाडी, बारदेश, सासष्टी. रबराला लागणारी डोंगराकडची जमीन तुमच्या सत्तरीकडे, आणि ती त्यांच्या हातात आली अठराव्या शतकाच्या शेवटी. रबरात पैसा दिसला असता तर ते म्हादईच्या काठाने दोनशे वर्षं आधीच वर सरकले असते. आणि रबर गोळा करणं म्हणजे रोज पहाटे माणसं झाडाखाली हवीत, राजीखुशीने नाहीतर जबरदस्तीने. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या काँगोत रबर कमी भरलं म्हणून लोकांचे हात तोडले, ते आठवा. तुमच्या सत्तरीतल्या दीपाजी राण्यांचं पोर्तुगीजांविरुद्धचं बंड झालं १८५२ मध्ये, माझ्या हिशोबाने तसलं बंड मग सतराव्या शतकातच पेटलं असतं, तेही चिकाच्या डब्यावरून.

घरच्या वादात तुम्ही कुठल्या बाजूला ते लिहिलं नाहीत. वडलांच्या असाल तर हे उत्तर जेवण झाल्यावर वाचून दाखवा.