ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात लहान-मोठ्या शहरांत एवढे क्लॉक टॉवर का बांधले?

बरेच जण समजतात की हे सगळे सुलतान अब्दुल हमीद दुसऱ्याने बांधले, पण तसं नाहीये, बाल्कनमध्ये, म्हणजे आग्नेय युरोपात, स्कोप्ये शहराचा टॉवर तर 16व्या शतकातला आहे. हां, 1900-01 मध्ये अब्दुल हमीदला गादीवर येऊन 25 वर्षं झाली तेव्हा मात्र टॉवरांची लाटच आली, इझमीर, याफा वगैरे शहरांत, थोडक्यात सुलतानाची आठवण गावाच्या मधोमध उभी करायची आणि आम्ही पण मॉडर्न आहोत हे दाखवायचं.

खरी गंमत वेळेची आहे. तिथे जुन्या हिशोबात सूर्य मावळला की बारा वाजायचे, आणि सूर्यास्त रोज थोडा सरकतो म्हणजे घड्याळ पण सारखं जुळवत बसा! बोस्नियातल्या सारायेव्होच्या टॉवरवर आजही हाच हिशोब चालतो, एक माणूस वर चढून काटे सरकवतो (मशीन मात्र लंडनहून आणलेलं), त्यामुळे नवखा टुरिस्ट आपलं घड्याळ बघतो आणि म्हणतो हे बंद पडलंय वाटतं.

जेरुसलेमचा टॉवर बिचारा 1908 ला तिथल्या याफा गेट नावाच्या वेशीवर उभा राहिला आणि 1922 ला ब्रिटिशांनी पाडला, त्यांना म्हणे जुन्या तटबंदीवर तो शोभत नव्हता.