विचारा बिनधास्त: टूटूचा घेर कुणी कापला?

प्रश्न: ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे, बॅलेच्या क्लासला घातलीये. हौसेने ऑनलाइन गुलाबी टूटू, म्हणजे तो बॅलेचा झालरींचा घेरदार स्कर्ट, मागवला तर टीचर म्हणाल्या क्लासला हा नको, साधा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोशाख) आणि टाइट्स घालून पाठवा. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. बॅले म्हणजे टूटूच ना? मग आडकाठी कसली? (एक आई, कोथरूड)

अहो, टीचरचं बरोबर आहे. पाय खुब्यापासून बाहेर वळतोय की पोरगी नुसतीच पावलं फिरवून वेळ मारून नेतेय, गुडघा ताठ आहे का, कंबर एका बाजूला कलतेय का, हे सगळं त्यांना दिसायला हवं ना, आणि तुमच्या त्या फुगलेल्या गुलाबी घेरात ते सगळं गडप होतं. गंमत म्हणजे खरा टूटू आखूड झाला तो नेमका ह्याच कारणाने, पाय दिसावेत म्हणून! बाजारात मिळतो तो बर्थडे फ्रॉक आहे, छान दिसतो, घालू दे की घरी. पण मोठमोठ्या बॅलेरिनासुद्धा रोजच्या क्लासला टूटू घालत नाहीत. टूटू लागतो त्या बॅलेची तालीम सुरू झाली की मग जुना, साधा प्रॅक्टिस टूटू चढवतात, कारण जोडीदाराने कंबर धरायची तर मधे तो घेर नक्की कुठे येतो ह्याची दोघांनाही सवय व्हावी लागते.

प्रश्न: मी फॅशन डिझाइन शिकते. प्रोजेक्टसाठी टूटू घेतलाय. काही चित्रांत तो पोटरीपर्यंत लांब आहे, काहींत एकदम पापडासारखा सपाट. नक्की कुठला खरा? आणि एवढा बदल कशामुळे झाला? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

दोन्ही खरे. लांबवाला रोमँटिक टूटू, सपाटवाला क्लासिकल. आणि बदल कशामुळे म्हणशील तर माझं सरळ मत आहे, फॅशनने कमी आणि पायांनी जास्त. डान्सर नवीन काहीतरी करायला शिकल्या की जुना स्कर्ट आड यायचा, मग त्याला कात्री लागायची.

अगदी सुरुवातीला टूटू वगैरे काही नव्हतंच. पॅरिसच्या ऑपेरात 1681 साली व्यावसायिक बायका पहिल्यांदा स्टेजवर नाचल्या तेव्हा त्या दरबारी कपड्यांतच होत्या, जमिनीपर्यंत स्कर्ट, टाचेचे बूट, अशा थाटात उडी कोण मारणार. मग 1730 च्या सुमारास मारी कामार्गो आली. तिला हवेत उडी मारून पावलं एकमेकांवरून भराभर फिरवायची स्टेप जमायची, जी तोवर पुरुषच करायचे, आणि लोकांना ती दिसावी म्हणून तिने स्कर्ट घोट्याच्या वर घेतला असं सांगतात. तिचीच समकालीन मारी साले, तिने तर 1734 मध्ये लंडनला घेरबिर काढून टाकून साधा मलमलीचा अंगरखा घातला आणि केस मोकळे सोडून नाचली. मला स्वतःला साले जास्त धाडसी वाटते पण नाव कामार्गोचं झालं, असो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास टाचा गेल्या, ग्रीक पद्धतीचे हलके कपडे आले, टाइट्स आल्या.

आता तुझा लांब टूटू. 12 मार्च 1832, पॅरिस ऑपेरा, ‘ला सिल्फीड’, डान्सर मारी ताग्लिओनी. वर घट्ट बॉडिस, म्हणजे चोळीसारखा वरचा भाग, खाली पांढऱ्या तलम कापडाचा घंटेच्या आकाराचा पोटरीपर्यंतचा स्कर्ट, डिझाइनचं श्रेय यूजीन लामी ह्या चित्रकाराला देतात. ताग्लिओनी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहायची, तेही आजच्यासारखे कडक टोकाचे पॉइंट शूज नसताना, आणि भूमिका कुणाची तर हवेतल्या परीची. त्यात गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड, त्या पांढऱ्या कापडातून अंग धूसर दिसणार आणि खाली दिसणार ती फक्त पावलं. लोक वेडे झाले. 1841 चा ‘जिझेल’ हा बॅले त्याच वाटेने गेला आणि आजही ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात तोच लांब पांढरा टूटू असतो.

पुढे इटालियन डान्सरांनी गिरक्यांमध्ये आणि बोटांवरच्या कामात सगळ्यांना मागे टाकलं आणि स्कर्ट पुन्हा आड यायला लागला. 1885 ला वर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली ती आखूड स्कर्टचा हट्ट धरूनच. 1895 च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग 32 फुएते मारले, म्हणजे दुसरा पाय चाबकासारखा फिरवत गरगर गिरक्या. लांब स्कर्टमध्ये ते काय दिसणार होतं, आणि पायात गुंडाळला गेला असता ते वेगळंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो गुडघ्याच्या आसपास होता, विसाव्या शतकात अजून वर चढत चढत कंबरेपासून आडवा झाला.

तुझ्या प्रोजेक्टसाठी सगळ्यात कामाचा भाग हा पुढचा, नीट वाच. आडवा टूटू आडवा राहतो कशाने? पूर्वीचं कांजी दिलेलं सुती टार्लटन, म्हणजे विरळ विणीचं कापड, घाम आणि दमटपणाने मान टाकायचं. नंतर नायलॉनची नेट आली आणि बराच त्रास वाचला, आणि थरांच्या मधे तारेची रिंग घालायची पद्धत आली. हाच पॅनकेक टूटू. दिसतो झकास पण उडी मारली की अख्खी थाळी वर खाली डुलते आणि दोघी जवळ आल्या की रिंगा एकमेकींवर आपटतात. न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशिनच्या ‘सिंफनी इन सी’ ह्या बॅलेला शेवटी पन्नासच्या आसपास डान्सर एकदम स्टेजवर असतात, तिथे हे कसं चालणार. त्यासाठी कॉस्च्युम करणाऱ्या बार्बरा कारिंस्काने 1950 मध्ये रिंगच काढून टाकली, सहा-सात थर नेटचे, कमी लांबीचे, एकमेकांना सैलसर टाके घालून अडकवलेले, म्हणजे खालचाच थर वरच्याला उचलून धरतो. त्याला पावडर-पफ टूटू म्हणतात. बाईंचा जन्म खार्कीवचा, आणि 1948 च्या ‘जोन ऑफ आर्क’ सिनेमासाठी कॉस्च्युमचं ऑस्करही दोघींना मिळून मिळालं त्यातल्या त्या एक. पोर्टफोलिओत एकच टूटू काढायचा असेल तर मी म्हणेन हा काढ. अगदी मॉडर्न हवा असेल तर नृत्यदिग्दर्शक विल्यम फोरसाइथच्या 1996 च्या बॅलेतले स्टीफन गॅलोवेने डिझाइन केलेले पोपटी टूटू बघ, झालरबिलर काही नाही, नुसती सपाट चकती.

प्रश्न: टूटूमुळे डान्सर जळून मेल्या असं वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

दुर्दैवाने खरंय. स्टेजवर उघडे दिवे आणि अंगावर तलम कापडाचे थर, आणि थरांच्या मधे भरपूर हवा, म्हणजे पेटायला वेळच नाही. 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टरचा स्कर्ट दिव्यावर गेला आणि ती गेली. 1861 ला फिलाडेल्फियात एकीच्या कपड्यांना लागलेली आग मदतीला धावलेल्या बाकीच्यांना लागली.

एमा लिव्रीची गोष्ट मात्र वाचवत नाही. ताग्लिओनीची लाडकी शिष्या, गुरूने तिच्यासाठी 1860 मध्ये ‘ल पापियों’ नावाचा बॅलेच बसवला होता, त्यात फुलपाखराचे पंख आगीत जळतात. तोवर कापड आग धरू नये म्हणून द्रावणात बुडवायची एक पद्धत निघाली होती, ऑपेराने तसे स्कर्ट द्यायलाही सुरुवात केली होती, पण ते कडक व्हायचे, मळकट दिसायचे. लिव्रीने लेखी कळवलं की मी नेहमीच्याच स्कर्टमध्ये नाचणार. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीत तिचा स्कर्ट गॅसच्या दिव्यावर पेटला, आठ महिने यातना काढून 1863 च्या जुलैत वारली, जेमतेम विशीतली पोर. तिला हट्टी म्हणणारे खूप आहेत, मला तसं म्हणवत नाही. मळकट स्कर्टमधली परी प्रेक्षकांनी तरी चालवून घेतली असती का?

प्रश्न: ह्या टूटूचा आपल्या देशाशी काही संबंध आहे की उगाच तिकडचं कौतुक? (एक निवृत्त वाचक, डोंबिवली)

काका, कौतुक आहेच, पण संबंधही आहे थोडा. ‘डाइंग स्वान’ ह्या नाचातला पांढरा टूटू जिने जगभर फिरवला ती आना पावलोवा. 1923 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ती राधा झाली आणि कृष्ण कोण, तर आपले उदय शंकर. अर्थात राधेला टूटू नव्हता. 1928 ला तिचा ताफा मुंबईत आला तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल तिला भेटल्या, मग तिच्या ताफ्यातल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅलेही शिकल्या. पावलोवानेच त्यांना आपल्या मातीतल्या नाचाकडे बघायला सांगितलं, आणि पुढे भरतनाट्यम् आणि कलाक्षेत्र हे तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रश्न: गॅदरिंगसाठी नेटचा टूटू शिवून घेतलाय, एकदाच वापरलाय. धुवायचा कसा, ठेवायचा कसा? (एक शिक्षिका, चिपळूण)

मशीनला अजिबात टाकू नका, थर चपटे झाले की पुन्हा उभे राहत नाहीत. डाग पडलाय तेवढीच जागा ओल्या कापडाने टिपा. बॅले कंपन्यांत घामाच्या वासावर पाण्यात व्होडका मिसळून फवारतात, शाळेत ते जमणार नाही, तेव्हा आतून उलटा करून सावलीत वाऱ्यावर ठेवा. हँगरला सरळ अडकवला तर घेर खाली पडतो, म्हणून उलटा लटकवा, झालर वर आणि बॉडिस खाली, किंवा मोठ्या सपाट खोक्यात आडवा ठेवा. आणि पाठीला चेन लावली असेल तर काढून हुकांच्या दोन-तीन ओळी लावून घ्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या अंगाच्या मुलीला बसेल.