भाकरी तुमची, हॉटेल दुसऱ्याचं

मुरूड तालुक्यातल्या एका आईचं दोन पानी पत्र आलंय. मुलगी बारावी झाली, कला शाखा, 74 टक्के. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. तिला ‘टुरिझममध्ये काहीतरी’ करायचंय. वडील आणि कुवेतला असलेले चाचा म्हणतात, डी.एड. कर, मास्तरीण हो, आपल्या मुली हॉटेलच्या काउंटरवर बसत नाहीत. मध्येच एका खासगी संस्थेचा माणूस घरी येऊन गेला: साडेतीन लाख भरा, क्रूझवर नोकरी नक्की. मुलगी डोक्यावरचा रुमाल काढणार नाही म्हणते. आईचा प्रश्न एवढाच, ‘ती या क्षेत्रात चालेल का?’

ताई, सलाम.

तुमच्या मुलीच्या टक्क्यांवर मी फार वेळ घालवला नाही. 74 टक्के ठीक आहेत. मी अडकलो ते दुसऱ्या पानावर, तळाशी घाईत लिहिलेल्या तुमच्या एका वाक्यावर. ‘घरखर्चाला हातभार म्हणून मी शनिवार-रविवार रस्त्यावरच्या हॉटेलला 60 भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण करून देते, ते मागच्या दाराने घेऊन जातात.’

म्हणजे तुमच्या घरची बाई पर्यटनात कधीचीच आहे. पहाटे साडेचारला उठून, परड्यातल्या चुलीपुढे बसून, तांदळाच्या पिठाची उकड मळत ती पर्यटनात आहे. हॉटेल तुम्हाला भाकरीमागे 12 रुपये देतं आणि पाहुण्याला तीच भाकरी 35 ला वाढतं, हा हिशोबही तुम्हीच लिहिलाय. पाहुणा जाताना हॉटेलमालकाला म्हणतो, ‘वा, काय घरगुती चव आहे!’ आणि तुमच्या घरातल्या पुरुषांना याचा काही त्रास नाही. मागच्या दाराने भाकरी गेली तर इज्जत शाबूत. पुढच्या दारात मुलगी वही घेऊन बसली तर मात्र प्रश्न. माफ करा, थोडं कडक बोलतोय, पण हा धर्माचा प्रश्न नाही. बाईचं काम चालतं, बाईचं नाव चालत नाही, एवढाच हा प्रश्न आहे. आणि तो तुमच्याच मोहल्ल्यात आहे असंही समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या जातिधर्मांच्या घरांत तो वेगवेगळे कपडे घालून बसलेला असतो.

परीक्षांचं एका दमात सांगून टाकतो. हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांसाठी एनसीएचएम-जेईई, पर्यटनाच्या पदवीसाठी ग्वाल्हेरची आयआयटीटीएम ही केंद्र सरकारची पर्यटन संस्था (तिचं गोव्यातही केंद्र आहे), आणि घरी राहून करायचं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ. तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा. त्या साडेतीन लाखवाल्याला चहा पाजून निरोप द्या. ‘नोकरी नक्की’ हे शब्द तो छापील कागदावर सही करून देतो का, तेवढं विचारा, मग तो पुन्हा येणार नाही.

आता त्या गैरसमजाकडे येतो. तुमच्या पत्रात पर्यटन, हॉटेल, दारू आणि रात्रपाळी हे चारही शब्द एकाच ओळीत आलेत, जणू एकाचा हात दुसऱ्याने धरलाय. हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात मद्याचा भाग असतो, हे मी लपवणार नाही. पण हॉटेल ही पर्यटनातली एक खोली झाली, अख्खं घर नव्हे. दारूशिवाय पाहुणा येत नाही म्हणणाऱ्या चाचांना मालदीव सांगा. अख्खा देश मुसलमान आणि अख्खा देश पर्यटनावर जगणारा. तिथे वर्षानुवर्षं पाहुणे फक्त वेगळ्या रिसॉर्ट-बेटांवर उतरायचे. नोकरी करायची तर घर सोडून महिनोन्‌महिने त्या बेटावर राहायचं, म्हणून गावातल्या बायका त्यात फारच थोड्या होत्या. 2009 च्या सुमारास सरकारने लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी दिली. त्या बेटांवर दारू आजही मिळत नाही, तरी गेस्टहाउसं भरतात. काम घराजवळ आलं तेव्हा बाई त्यात दिसू लागली. बायकांना रस नव्हता असं नाही, कामाची जागाच चुकीची होती.

रुमालाचं काय? काही मोठ्या हॉटेलांच्या रिसेप्शनला अडचण येईल, खोटं कशाला सांगू. पण तिकिटं, सहलींची आखणी, गाइड, संग्रहालयं, होमस्टे, हिशोब यांत रुमाल आड येत नाही. उलट मला भीती वाटते ती दुसऱ्या टोकाची. एका बैठकीत एका सहल आयोजकाला मी उत्साहाने बोलताना ऐकलंय: ‘मुस्लिम घरचं जेवण म्हणून पॅकेज करू, बायकांना अंगणात बसवून फोटो काढू.’ तिथे बसलेल्या एका खालांनी शांतपणे विचारलं, ‘आणि पैसे कोण घेणार?’ बैठक तिथेच थंडावली. तुमच्या मुलीने कुठल्याही कामाला हो म्हणायच्या आधी हाच प्रश्न विचारायला शिकावं. त्याला कुठलंही कॉलेज लागत नाही.

एक बोचरी गोष्टही आधीच सांगून ठेवतो. होमस्टेचं नाव-नंबर लावलात की फोन येतील, नाव विचारतील, ‘बघून कळवतो’ म्हणतील आणि कळवणार नाहीत. मुलीने ते मनाला लावून घेऊ नये. येणारे येतातच, आणि एकदा तुमचा आखणी पुलाव आणि नारळाच्या दुधातलं सांदण खाल्लं की दुसऱ्या खेपेला चार जणांना घेऊन येतात.

आता माझा सल्ला, आणि तो तुम्ही मागितलेला नाही. या घरात आधी करिअर कोणी करायचं असेल तर ते तुम्ही.

राजपुरीच्या धक्क्यावर रविवारी काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. गाड्या येतात, शिडाच्या होड्या भरतात, जंजिऱ्यावर पाऊण तास, कलाल बांगडी तोफेपुढे फोटो, परत. मग काशिदला किंवा अलिबागला जेवण. गावाला काय मिळालं? पार्किंगची भांडणं आणि कचरा. होडीवाल्यांचं पोट भरतं, तेही पावसाळ्यात किल्ला बंद झाला की थांबतं. त्यात 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने तुमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ नव्याने लावून सुपारी धरेपर्यंत किती वर्षं जातात, ते तुम्हाला मी काय सांगू. म्हणून पैसा धक्क्यावरून मोहल्ल्यात वळला पाहिजे, आणि तो एका पाटीवरच्या एका मालकाकडे जाऊन उपयोग नाही.

वळवता येतो. बाणकोटच्या खाडीपलीकडचं वेळास बघा. 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो, पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरातल्या बाईच्या हातचं जेवतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. त्यांच्या नवऱ्यांनाही सुरुवातीला काही वाटलं असेलच की. केरळात कुमरकोमला 2008 पासून जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, त्यात कुटुंबश्री या तिथल्या महिला बचत गटांच्या बायकांची भाजी मोठी हॉटेलं विकत घ्यायला लागली, आणि भाव हॉटेलने एकट्याने ठरवला नाही, समितीत बसून ठरला. ताई, तुमच्या 12 रुपयांच्या भाकरीचं औषध इथे आहे. तुम्ही एकट्या भाव मागितलात तर तो शेजारच्या घरून भाकरी आणेल. मोहल्ल्यातल्या आठ बायकांनी मिळून भाव सांगितला तर कुठून आणेल?

बचत गट असेलच, नसेल तर उमेदच्या, म्हणजे बचत गट उभे करणाऱ्या सरकारी अभियानाच्या, माणसाला गाठा. अन्नाच्या धंद्याची नोंदणी किरकोळ शुल्कात होते, ती आधी करा, म्हणजे पुढच्या दाराने विकता येईल. राज्य सरकारने 2023 मध्ये ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची सोय त्यात आहे. ‘बाईच्या मालकीच्या’ या दोन शब्दांवर बोट ठेवून वाचा. घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या, असंच उत्तर येणार. मग घर नाही तरी धंदा तुमच्या नावावर, बँकेचं खातं तुमच्या नावावर, मोबाइलवरून पैसे घ्यायचा कोडही तुमच्याच नावाचा. तो कोड मुलाच्या फोनला जोडू नका. मी पाहिलेले बायकांचे निम्मे धंदे तिथेच बुडालेत, गिऱ्हाईक नसल्याने नव्हे.

सुरुवात एका खोलीने करा. पडवीलगतची खोली, स्वच्छ संडास, दोन वेळचं जेवण, आणि मे महिन्यात पाणी किती देऊ शकता त्याचा खरा अंदाज. विहीर तळाला गेलेली असताना बारा माणसं उतरवू नका, शेजारी आयुष्यभर बोलणार नाहीत.

आता मुलगी. होमस्टे निघाला की घरात पहिली कल्पना येईल, ‘बरं झालं, ही घरीच राहील, पाहुण्यांचं बघेल.’ असं करू नका. होमस्टे हे मुलीला ओट्याशी बांधायचं दावं झालं तर त्यापेक्षा डी.एड. बरं. तुम्ही घर सांभाळता, धंदा सांभाळता, म्हणून तिला बाहेर पडता येतं, असं गणित मांडा.

आणि बाहेर कशासाठी? पत्रात तुम्ही जवळपास माफी मागितल्यासारखं लिहिलंय, ‘उर्दू माध्यमात शिकली, त्यामुळे मागे पडली.’ मी ते वाचून पत्र खाली ठेवलं. अहो, तुम्ही राहता त्या मुलखात पूर्वी जंजिरा संस्थान होतं, तिथली बेगम, नाझली रफिया, 1908 मध्ये युरोप फिरून आली आणि तिथून तिने घरी लिहिलेला मजकूर उर्दूत छापला गेला. तिची बहीण अतिया फैजी त्याआधी, 1906 मध्ये, शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली आणि तिथली तिची रोजनिशीही उर्दूतच छापून आली. जंजिऱ्यावर रोज शेकडो माणसांना तोफेचं वजन आणि पल्ला सांगितला जातो. या बहिणींबद्दल कोण सांगतं? ते मूळ उर्दूतून वाचून सांगू शकेल अशी मुरूडची मुलगी तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही तिला मागे पडलेली म्हणताय! चाचांनाही कळवा, मास्तरीण व्हायला शंभर वर्षांपूर्वीच परदेशी गेलेली बाई आपल्याच बेगमेची बहीण होती.

तेव्हा तिने बी.ए. करावं, इतिहास घेऊन, मुंबईत. वसतिगृहाची चौकशी आत्तापासून करा. सोबत फारसी शिकावी, उर्दूची लिपी येतेच, अर्धी वाट तिथेच सरली. कोकणातल्या कागदांसाठी मोडीचा वर्ग करावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अरबी-फारसी शिलालेखांचा विभाग नागपूरला आहे, म्हणजे आपल्याच राज्यात, आणि हे वाचू शकणारे तरुण हात थोडे आहेत. केंद्राच्या पर्यटन खात्याचा गाइडसाठीचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, तो शिकतानाच करता येतो. सुट्टीत मुरूडला आली की दहा-दहा जणांचा गट घेऊन फिरवावं: किल्ला, बाजार, रस्त्यावरूनच दिसणारा नवाबाचा राजवाडा, आणि शेवटी तुमच्या अंगणात जेवण. फी तिची, जेवणाचे पैसे तुमचे, दोन वेगळ्या वह्या. पदवीनंतर पर्यटनात मास्टर्स करायचं, पुरातत्त्वाकडे वळायचं की खरंच शिक्षिका व्हायचं, ते तिला तेव्हा कळेल. शिक्षिका झाली तरी माझी हरकत नाही. चाचांनी ठरवलं म्हणून झाली तर आहे.

तिच्या अब्बांशी बोलताना माझं पत्र पुढे करू नका, ते चिडतील. रविवारी संध्याकाळी हॉटेलचं बिल आणि तुमची भाकरीची वही शेजारी ठेवा आणि त्यांनाच बेरीज करायला सांगा. समुद्रावर काम केलेला माणूस आहे असं तुम्ही लिहिलंय. मासळीचा लिलाव दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं, ते त्यांना ठाऊक असणार.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. दोन पानांत अब्बांचं मत आहे, चाचांचं आहे, त्या साडेतीन लाखवाल्याचंसुद्धा आहे. तिचं आहे ते एवढंच, की रुमाल काढणार नाही. किल्ल्यात शिरल्यावर पाहुण्यांना सगळ्यात आधी कुठे नेशील, एवढं तिने मला लिहावं. उर्दूत लिहिलं तरी चालेल, वाचून घेण्याची सोय करतो.