ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत हरलेला संघच पुढच्या वर्षीचं आव्हान का देतो?

कारण ही शर्यत सुरूच झाली एका लेखी आव्हानातून. 12 मार्च 1829 रोजी केंब्रिजच्या नौका क्लबने रीतसर ठराव केला: ईस्टरच्या सुट्टीत लंडनजवळ आठ वल्ह्यांच्या नावेतून सामना खेळण्याचं आव्हान ऑक्सफर्डला द्यायचं. यामागे दोन मित्र होते, चार्ल्स मेरिव्हेल (केंब्रिज) आणि चार्ल्स वर्ड्‌सवर्थ (ऑक्सफर्ड). दोघे हॅरो शाळेपासूनचे सोबती. शर्यत झाली मात्र 10 जूनला, हेन्लीला, आणि जिंकलं ऑक्सफर्ड. पुढे आदल्या वर्षी हरलेल्यांनी आव्हान द्यायचं, ही रीतच पडली. मला ती फार उमदी वाटते, कारण हरलेल्याला मान खाली घालून बसावं लागत नाही, पहिला शब्द त्याचाच असतो.

दुसरी शर्यत थेट 1836 मध्ये झाली आणि दरवर्षीचा नेम 1856 पासून लागला. नदीचा कोणता किनारा कुणाला, हे नाणेफेकीने ठरतं. थेम्सच्या वळणांमुळे त्याला खरंच महत्त्व आहे.

एवढी शिस्त असूनही 1877 मध्ये पंचांनी शर्यत बरोबरीत सुटल्याचा निर्णय दिला. ऑक्सफर्डला तो मुळीच पटला नव्हता!