वाचकांचे प्रश्न : पावसातली धाव

प्रश्न : ठाण्याची वर्षा मॅरेथॉन २१ किलोमीटरची, मग तिला मॅरेथॉन का म्हणायचं? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधलं, १९२१मध्ये कायम झालं. आपली ती अर्धमॅरेथॉन. पण ठाणेकरांच्या तोंडी मॅरेथॉनच, आणि मला ते आवडतं. मी पहिल्यांदा धावलो तेव्हा कॅनव्हासचे बूट भिजून इतके जड झाले की तीन हात नाक्याजवळ काढून हातात घेतले. गॅलरीतून एक आजी ओरडल्या, "पळ रे बाळा!" अजून कानात आहे ते. २०१९नंतर खंड पडला, फार चुकल्यासारखं व्हायचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा परतली, तेव्हा पहाटेच छत्री घेऊन रस्त्याकडेला उभा राहिलो.