जुना संगणक किती वर्षे चालवावा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. हिशेबाचा संगणक विंडोज ७ वर आहे आणि तो कधीच अडला नाही. तरीही बदलावा का?

उत्तर : होय. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि क्रोमचीही १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. त्यामुळे नंतर सापडलेल्या त्रुटी आपल्या संगणकात तशाच उघड्या आहेत. शेतकऱ्यांच्या पट्टीचे पैसे याच संगणकावरून बँकेतून पाठवत असाल, तर निदान तेवढे काम तरी लगेच दुसरीकडे हलवावे.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात एका यंत्राचा संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. त्या यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. काय करावे?

उत्तर : यंत्र उत्तम काम देत असेल, तर केवळ एक्सपीपायी ते मोडीत काढू नये, मात्र तो संगणक इंटरनेटपासून आणि कार्यालयाच्या नेटवर्कपासूनही पूर्णपणे तोडावा. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा व्हायरस कोणी काही क्लिक न करताही नेटवर्कमधून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. ड्रॉइंग नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासूनच लावावा. माझ्या मते आपल्याला व्हायरसपेक्षा मोठा धोका हार्ड डिस्क बंद पडण्याचा आहे. तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या डिस्कवरून यंत्र खरोखर सुरू होते का, हे सुट्टीच्या दिवशी पाहावे. तशी खात्री केल्याशिवाय त्या प्रतीवर विसंबू नये. सॉफ्टवेअरला डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागत असेल, तर तो हरवल्यास पुरवठादार दुसरा देईल का, हेही आताच विचारून ठेवावे.

प्रश्न : मिरजेत आमचे करसल्लागार कार्यालय आहे. सातव्या पिढीच्या आय-५ संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. विक्रेता ‘जुगाड करून टाकून देतो’ म्हणतो.

उत्तर : विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अट चुकवून ते बसवता येते, परंतु पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशिलांचे पासवर्ड ज्या संगणकात आहेत, तिथे असला प्रयोग मी करणार नाही. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असले, तरी व्यवसायांना पैसे भरून ते आणखी तीन वर्षांपर्यंत घेता येतात. पहिल्या वर्षाचा दर प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो, आणि उशिरा आलेल्याला मागील वर्षांचेही पैसे भरावे लागतात. म्हणून ही सोय फार तर वर्षभर वापरावी आणि तेवढ्यात संगणक टप्प्याटप्प्याने बदलावेत. खरेदी सप्टेंबरअखेर करून ते लगेच वापरात घेतल्यास प्राप्तिकरात घसारा पूर्ण ४० टक्के मिळेल. १८० दिवसांपेक्षा कमी वापराला तो निम्माच, हे आपल्याला मी सांगायला नको.