गंमत वाटली तर?

प्रश्न : मी डिचोलीत राहते, वय ५६. आठ महिन्यांपूर्वी माझे पती गेले. आजारपण दीड वर्ष चाललं. त्या काळात घर आणि इस्पितळ सोडून मी कुठेच गेले नाही. आता पुण्याची मुलगी मागे लागली आहे, "आई, तुला बदल हवा, आठ दिवस ऋषिकेशला जाऊ." गाड्याही बघून ठेवल्यात तिने. मोठ्या जाऊबाई म्हणतात, वर्षश्राद्धाआधी उंबरा ओलांडायचा नाही. खरं सांगू? भीती जाऊबाईंची नाहीच. तिथे गेले आणि मला गंमत वाटली तर? एवढं सोसून हे गेले आणि मी हसतेय, हे मलाच सहन होणार नाही. बसमध्ये शेजारची सीट रिकामी दिसली तरी पोटात गोळा येतो. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, ऋषिकेशचं तिकीट सध्या काढू नका. जाऊबाई म्हणतात म्हणून नव्हे, माझा अनुभव आहे म्हणून.

आमचे हे गेले त्याच्या चौथ्या महिन्यात भावाने मला एका टूरवाल्यांबरोबर हंपीला धाडलं. चाळीस माणसं, बहुतेक जोडपी. पहाटे पाचला दारावर थाप, साडेसहाला बस. ज्या बाईंबरोबर खोली दिली होती त्यांनी पहिल्याच रात्री विचारलं, "मिस्टर नाही आले?" विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोर गाइड ओरडत होता, "दोघं दोघं या, फोटो!" मग मी सगळ्यांचे मोबाइल घेऊन फोटो काढत उभी राहिले. अजून पन्नासाची नवी नोट हातात आली की तिच्यावरचा तो रथ दिसतो आणि मी ती आधी खर्चून टाकते. हंपीचा यात काही दोष नाही. मन भरून आलं की घरी परतता यायला हवं होतं, आणि ते टूरमध्ये जमत नाही.

बरं वाटलं ते जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. एका कागदासाठी गेले होते, साहेब रजेवर. समोर मांडवीतल्या दिवाडी बेटाची फेरीबोट लागलेली. पायी जाणाऱ्याला तिकीट नसतं, म्हणून चढले, दुसरं कारण नाही. माझ्या पुढ्यात एक पोदेर सायकल धरून उभा होता. टोपलीवर निळं प्लॅस्टिक, त्याखालून गरम पावाचा वास. त्याच्यामागून एक तांबूस कुत्रा आला, माणसांच्या पायांतून वाट काढत सगळ्यात पुढे जाऊन बसला. पलीकडे बोटीचा लोखंडी पत्रा धक्क्यावर आपटला, तसा उठला आणि कामाला उशीर झालेल्या कारकुनासारखा खाली मान घालून चालू पडला. मी पोदेराला विचारलं, "तुझा?" तो म्हणाला, "न्हय गे बाये, तो सदांच येता."

मी हसले, चांगली मोठ्याने. आणि परतीच्या फेरीत तुम्ही म्हणता तसंच झालं, डोळ्यांतलं पाणी थांबेना. पण घरी येऊन सवयीने फोटोकडे बघून बोलून गेले, "अहो, आज एक कुत्रा फेरीतून दिवाडीला गेला." ते असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, मग परत कधी येतो? म्हणून पुढच्या आठवड्यात ते बघायला गेले. (सहाच्या सुमाराला येतो.)

तेव्हा तुमची गंमत कोणाच्या वाट्यातून जाणार नाही. ती घेऊन घरी या आणि सांगा त्यांना.

तुम्हाला तर नार्वे जवळच. चवथ झाली, पाऊस जरा ओसरला, की एखादा साधा मंगळवार-बुधवार बघा आणि नार्व्याहून फेरीने दिवाडीला जा. आधी नार्व्यातच सप्तकोटेश्वराच्या देवळात जायचं की नाही ते घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवा. नसेल जायचं तर बाहेर दीपस्तंभापाशी बसा, तिथे कोणी हटकत नाही. हा देव मूळचा दिवाडीचा, गोव्याच्या कदंबांचा कुलदेव. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, लिंग नदी ओलांडून नार्व्याला आलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. जाऊबाईंनी उंबऱ्याचं काढलं तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. मला ती फार उपयोगी पडली आहे.

वेळ असेल तर दिवाडी पार करून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला उतरा आणि बसने घरी. नसेल तर आल्या वाटेने परत, काही बिघडत नाही. पिदादची टेकडी चढवली तर चढा, वरून मांडवी छान दिसते. ऑगस्टात बोंदेरामच्या, म्हणजे तिथल्या झेंड्यांच्या उत्सवाच्या, शनिवारी मात्र दिवाडीला जाऊ नका, फेरीत मुंगीला जागा नसते. मुलगी सुट्टीवर आली की तिलाही न्या, पण पहिल्यांदा एकट्याच जा. ती बरोबर असली की दर दहा मिनिटांनी विचारेल, "आई, बरं वाटतंय ना?"

एक मात्र आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर फेरीबोट नंतर, आधी डॉक्टर. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. तो फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि ती रिकामी सीट. खिडकीकडे तुम्ही बसा, पण शेजारी पिशवी ठेवून ती अडवू नका. माझ्याशेजारी एकदा पणजीहून म्हापशापर्यंत एक बाई फणस घेऊन बसली होती. अर्धा फणस माझ्याच मांडीवर. पर्वरी येईपर्यंत तिने तिच्या सुनेचं सगळं सांगून टाकलं.